नायट्रसची सप्लाय लाइन गाडीत कशी ओढावी: बाटलीपासून सोलेनॉइडपर्यंत

इंजिनात नायट्रस ऑक्साइड सोडून जास्तीची ताकद मिळवणारा किट बसवताना बहुतेकांचं लक्ष जेट (नायट्रस किती जाईल ते ठरवणारं भोक) कितीचं घ्यायचं, अश्वशक्ती किती वाढणार आणि इग्निशन टायमिंग किती मागे घ्यायचं याकडे असतं. डिकीतल्या बाटलीपासून बॉनेटखालच्या सोलेनॉइडपर्यंत, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हपर्यंत, जाणारी चार-साडेचार मीटरची नळी मात्र शेवटी, वाट सापडेल तिथून ओढली जाते. खरं तर सुरुवात या नळीपासून व्हायला हवी. जेट चुकलं तर पिस्टन जाईल. लाइन चुकली तर गाडीत बसलेल्या माणसाच्या जिवावर बेतेल.

बाटलीचा व्हॉल्व्ह उघडला की सोलेनॉइडपर्यंतच्या सगळ्या नळीत बाटलीइतकाच दाब येतो. ड्रायव्हरने बटण दाबो वा न दाबो, इंजिन चालू असो वा बंद, तो दाब तिथेच असतो. म्हणून नळीकडे बाटलीचाच लांबवलेला भाग म्हणून बघा. भरलेली बाटली तुम्ही सायलेन्सरला टेकवून ठेवाल का? धारदार पत्र्यावर घासू द्याल का? नळीच्या प्रत्येक इंचाला हेच प्रश्न विचारायचे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच आल्या आहेत.

नळीत काय असतं

नायट्रस ऑक्साइड बाटलीत द्रवरूपात, स्वतःच्याच बाष्पदाबाखाली असतो. हा दाब तापमानावर ठरतो. ०° सेल्सिअसला साधारण ३१ बार, २०° ला ५० बार आणि ३०° ला ६३ बार, म्हणजे ९०० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) वर. बहुतेक किट ९०० ते १००० पीएसआय गृहीत धरून जुळवलेले असतात. ३६.४° सेल्सिअसच्या पुढे तर द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही. बॉनेटखाली याहून कितीतरी जास्त उष्णता असते, त्यामुळे नळीची वाट ठरवताना तापमानाचा विचार टाळता येत नाही.

तापमान वाढतं तशी द्रवाची घनताही झपाट्याने घटते. ०° ला एका लिटरचं वजन सुमारे ९०० ग्रॅम, २०° ला ७८५, आणि ३०° ला ६८० ग्रॅमच्या आसपास. जेटचं भोक मात्र तेवढंच राहतं. नळी एक्झॉस्टजवळून गेली असेल तर द्रव वाटेतच उकळायला लागतो आणि सोलेनॉइडपाशी द्रवाऐवजी फेस पोचतो. वेट सिस्टिममध्ये, म्हणजे नायट्रससोबत जास्तीचं पेट्रोलही सोडणाऱ्या किटमध्ये, पेट्रोल ठरल्याप्रमाणे येतं, नायट्रस कमी येतो, मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं आणि गाडी पहिल्या क्षणी अडखळते. मग मागचा थंड द्रव पोचतो आणि ताकद एकदम उसळते. पुष्कळ जण याचा दोष जेटला किंवा सोलेनॉइडला देतात आणि तेच बदलत बसतात. आधी नळी कुठून गेली आहे ते बघावं.

गळती झाली तर काय होईल, याचाही हिशोब करून ठेवा. ४ एएन मापाच्या (एएन ही नळ्या आणि फिटिंगच्या मापांची पद्धत) नळीचं आतलं भोक साधारण ४.८ मिलिमीटर असतं. साडेचार मीटर नळीत सुमारे ८० मिलिलिटर द्रव मावतो, म्हणजे साठ-पासष्ट ग्रॅम. त्याचा वायू झाला तर जवळपास ३५ लिटर होतो. ही झाली नुसती नळी. दहा पौंडांच्या, म्हणजे साडेचार किलोच्या बाटलीतून सगळा मिळून अडीच हजार लिटर वायू निघतो. मध्यम आकाराच्या कारच्या केबिनचं घनफळही साधारण तेवढंच असतं. नायट्रस हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तो खाली, पायांपाशी साचतो आणि प्राणवायूची जागा घेतो. त्याला रंग नाही, वासही किंचित गोडसर, चटकन न कळणारा. गाड्यांसाठीच्या नायट्रसमध्ये थोडा सल्फर डायऑक्साइड मिसळलेला असतो. त्यामुळे घशात खवखव होते, पण तेवढ्या इशाऱ्यावर विसंबू नका.

शिवाय बाहेर पडणारा द्रव उणे ८८° सेल्सिअसला उकळतो. त्याची धार हातावर आली तर त्वचा भाजल्यासारखी गोठते.

नायट्रस स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला जोर देतो. सुमारे ३००° सेल्सिअसच्या पुढे त्याचं विघटन होऊन ऑक्सिजन मोकळा होतो. वजनाने त्यात ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत २३ टक्के. तापलेला एक्झॉस्ट, त्यावर सांडलेलं तेल आणि शेजारी नायट्रसची गळती, असं त्रिकूट गाडीत कुठेही जमू द्यायचं नाही.

सामान निवडताना

नळी आतून पीटीएफईची (टेफ्लॉनची) आणि बाहेरून स्टेनलेस स्टीलच्या जाळीची हवी. ४ एएन मापाच्या चांगल्या नळीचा कामाचा दाब साधारण ३००० पीएसआय असतो. नेहमीच्या एकाच टप्प्याच्या किटला हे माप पुरतं. मोठ्या किंवा दोन-तीन टप्प्यांच्या किटला ६ एएन लागते.

इथे एक मोठा धोका आहे. आतून रबर असलेली आणि बाहेरून तशीच चकचकीत जाळी असलेली नळी बाजारात सर्रास मिळते. ती तेलासाठी आणि पेट्रोलसाठी असते. तिला हा दाब झेपत नाही, आणि नायट्रसमुळे आतलं रबरही खराब होतं. बाहेरून दोन्ही हुबेहूब दिसतात, म्हणून कापलेलं टोक बघा. पीटीएफई पातळ, कडक आणि गुळगुळीत प्लॅस्टिकसारखं दिसतं, रंग पांढरा किंवा काळा. रबराची भिंत जाड असते आणि नखाने दाबली की दबते. नळीवर दाबाचा आकडा छापलेला नसेल तर ती घेऊच नका.

दुसरी फसगत फिटिंगची. एएन फिटिंगची बैठक ३७ अंशांची असते. वातानुकूलन आणि घरगुती गॅसच्या कामात ४५ अंशांची फ्लेअर फिटिंग वापरतात. ४ एएनचे आटे आणि पाव इंची नळीच्या ४५ अंशी फिटिंगचे आटे एकच आहेत, ७/१६ इंच, इंचाला २० आटे. म्हणजे चुकीचा नट सहज चढतो, घट्टही बसतो, पण आत दोन शंकू फक्त एका रेषेवर टेकलेले असतात. कमी दाबाला ते गळणार नाही. ९०० पीएसआयला गळेल, किंवा पाना जास्त ओढल्यावर तडकेल. जुन्या डब्यातली फिटिंग वापरायचा मोह इथे आवरा.

टोकं शक्यतो कारखान्यात प्रेस करून, दाबाला तपासून आलेलीच घ्या. म्हणजे नळीची लांबी आधी ठरवावी लागते, आणि तेच बरं. पाना लावून बसवायची टोकंही चालतात, पण ती पीटीएफईसाठीचीच हवीत. रबरी नळीची टोकं पीटीएफईला धरत नाहीत. स्क्रूच्या होज क्लॅम्पने आवळलेला सांधा या दाबाला चालत नाही, त्यावर चर्चाच नको.

याशिवाय रबरी अस्तराचे पी क्लॅम्प, भोकाच्या कडेवर बसणारे रबरी ग्रोमेट, पत्र्यातून जाण्यासाठी बल्कहेड फिटिंग, उष्णतारोधक स्लीव्ह, सोलेनॉइडआधी बसवायचा बारीक जाळीचा फिल्टर आणि बाटलीच्या सेफ्टी डिस्कला जोडायची, सुटलेला वायू गाडीबाहेर नेणारी ब्लो-डाउन नळी एवढं हाताशी ठेवा.

पहिली पायरी: बाटली आणि तिची बाहेर जाणारी वाट

नळीची वाट बाटलीच्या जागेवरून ठरते, म्हणून बाटली आधी पक्की करा. स्टँडचे बोल्ट गाडीच्या मजबूत भागात, पत्र्याखाली मोठे वॉशर किंवा प्लेट देऊन आवळा. अपघातात साडेचार किलो द्रव आणि त्याहून जड बाटली पुढे फेकली जाणार नाही इतकं ते घट्ट हवं.

आडव्या बाटलीत व्हॉल्व्हचं तोंड गाडीच्या पुढच्या बाजूला, लेबल वर आणि व्हॉल्व्हची बाजू थोडी उचललेली, अशी नेहमीची बैठक असते. आतली सायफन नळी बाटलीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात पोचलेली असते आणि वेग घेताना द्रव तिथेच सरकतो. तुमच्या बाटलीची सायफन वेगळी असेल तर उत्पादकाने सांगितलं तसंच बसवा.

व्हॉल्व्हच्या बाजूला सेफ्टी डिस्क असते. दाब मर्यादेपलीकडे गेला की ती फुटते आणि सगळी बाटली मोकळी होते. वर सांगितलेले अडीच हजार लिटर आठवा. बाटली डिकीत किंवा केबिनमध्ये असेल तर या डिस्कमधून निघालेला वायू नळीने थेट गाडीबाहेर गेला पाहिजे. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगचं नियमन करणारी एनएचआरए ही संस्था ड्रायव्हरच्या कप्प्यातल्या बाटलीला हे सक्तीचं करते. होज क्लॅम्प किंवा प्लॅस्टिकच्या टायने बाटली बांधायला ती मनाई करते आणि बाटलीपासून सोलेनॉइडपर्यंत स्टीलच्या जाळीची किंवा मान्यताप्राप्त नळीच लावायला सांगते. तुम्ही कुठेही शर्यत करत असा, एवढं किमान मानून चाला. आपल्या आयोजकाचे नियम आणि रस्त्यावर नायट्रसला परवानगी आहे का, हे वेगळं तपासा.

ब्लो-डाउन नळीचं टोक सायलेन्सरकडे, मागच्या चाकाकडे किंवा पेट्रोल भरायच्या तोंडाकडे वळवू नका.

दुसरी पायरी: दोरीने वाट आखा

खरी नळी हातात घेण्याआधी तेवढ्याच जाडीची दोरी किंवा जुनी नळी घेऊन वाट आखा. गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर घ्या. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा असं मला ठामपणे वाटतं.

गाडी उचललेली असते तेव्हा मागची चाकं लोंबतात आणि सस्पेन्शन पूर्ण उघडलेलं असतं. तेव्हा जी जागा मोकळी दिसते, ती गाडी खड्ड्यात दबल्यावर मोकळी राहीलच असं नाही. म्हणून अॅक्सलखाली जॅक देऊन सस्पेन्शन पूर्ण दाबून बघा. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. गिअर आणि क्लच चालवून बघा. प्रत्येक स्थितीत दोरीपासून हलणारा भाग किती दूर आहे ते पाहा आणि निदान तीन बोटं अंतर नसेल तिथे वाट बदला.

इंजिनही जागच्या जागी थांबत नाही. रबरी माउंटिंगवर ते जोर लावताना चांगलं कलतं. नायट्रस लागतो नेमका तेव्हाच ते जास्तीत जास्त कललेलं असतं.

तिसरी पायरी: केबिनमधून की खालून?

यावर दोन मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. केबिनमधून नेलेली नळी थंड राहते, तिला दगड लागत नाहीत, चिखल लागत नाही. पण गळली तर ड्रायव्हरच्या पायांपाशी गळते. मी खालून नेण्याच्याच बाजूने आहे. उष्णता आणि दगड यांवर उपाय करता येतो. बंद काचांच्या गाडीत पसरलेल्या वायूवर, तेही वेगात असताना, काही करता येत नाही. बाटलीचा दाब दाखवणारा मीटर डॅशबोर्डवर हवा असेल तर तिथेही हाच नियम. सेन्सर बाहेर बसवा आणि आत फक्त वायर आणा. नायट्रस भरलेली नळी डॅशबोर्डमागे नेऊ नका.

नियमांमुळे किंवा गाडीच्या रचनेमुळे केबिनमधूनच न्यावी लागली, तर ती आतून सलग हवी. मध्ये एकही सांधा नको. वर कडक पाइपचं संरक्षण द्या आणि फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यावर) बल्कहेड फिटिंग लावा.

खालून नेताना वाट अशी निवडा:

- एक्झॉस्ट ज्या बाजूला नाही ती बाजू. एक्झॉस्ट ओलांडावाच लागला तर जिथे तो सगळ्यात थंड असतो तिथे, म्हणजे शक्य तितकं मागे, काटकोनात ओलांडा. मध्ये पत्र्याचा हीट शील्ड द्या आणि नळीवर स्लीव्ह चढवा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या जवळपासही जाऊ नका.
- चेसिसच्या कडेच्या आतल्या, वरच्या कोपऱ्यातून. गाडीचा सगळ्यात खालचा भाग नळीपेक्षा खाली असला पाहिजे. जॅक लावायच्या जागा टाळा.
- गिअरबॉक्सवरच्या बोगद्यातून नाही. तिथे प्रोपेलर शाफ्टही असतो आणि एक्झॉस्टची उष्णताही.
- फ्लायव्हील आणि क्लच ज्या रेषेत फिरतात, त्या रेषेतून उघडी नळी नाही. क्लच फुटला तर तुकडे त्या पातळीत चाकूसारखे उडतात. तिथून जाणं भागच असेल तर जाड स्टीलच्या पाइपमधून न्या.
- पेट्रोलच्या लाइनसोबत एकाच क्लॅम्पमध्ये नाही. जमलं तर पेट्रोल एका बाजूने आणि नायट्रस दुसऱ्या बाजूने.

कंपनीने ब्रेकच्या नळ्या जिथून नेल्या आहेत ती वाट एकदा नीट बघून घ्या. त्या वाटेवर अभियंत्यांनी आधीच पुष्कळ विचार केलेला असतो. समांतर जा, पण ब्रेकच्या नळीला टेकू नका आणि तिच्या क्लॅम्पचा आधार घेऊ नका.

लांब सरळ भागासाठी स्टेनलेसची कडक नळी आणि दोन्ही टोकांना लवचीक नळी अशी जोडणीही करतात. दिसायला नेटकी आणि घासायला कमी, पण सांधे दोन वाढतात आणि ३७ अंशांचं फ्लेअर काढायचं बरं हत्यार लागतं. पहिल्यांदा करणाऱ्याने सलग लवचीक नळीच घ्यावी.

चौथी पायरी: भोकं पाडणं

डिकीच्या तळाखाली बहुतेक गाड्यांत पेट्रोलची टाकी असते. ड्रिल लावण्याआधी खाली जाऊन स्वतः बघा, आणि टाकी जवळ असेल तर ड्रिलच्या बिटवर टेप गुंडाळून किंवा अडथळा लावून खोली बांधून घ्या. भोकाची कड कानशीने साफ करा, प्रायमर लावा, मगच ग्रोमेट बसवा. ग्रोमेटमधून नळी नुसती सरकती सोडली तर कालांतराने रबर झिजतं, म्हणून भोकाच्या दोन्ही बाजूंना जवळच एकेक क्लॅम्प द्या. बल्कहेड फिटिंग असेल तर हा प्रश्न येत नाही.

पाचवी पायरी: नळी ओढणं आणि बांधणं

नळीची दोन्ही टोकं टोपीने किंवा टेपने बंद करूनच ओढायला सुरुवात करा. गाडीखालून सरकताना उघड्या टोकात गेलेला मातीचा एक कण थेट सोलेनॉइडच्या सीटवर जाऊन बसतो, आणि मग सोलेनॉइड पूर्ण बंद होत नाही.

क्लॅम्प एक ते दीड फुटावर एक, आणि वळणाच्या दोन्ही बाजूंना वेगळा. वळण मोठं ठेवा. ४ एएनच्या पीटीएफई नळीसाठी किमान त्रिज्या साधारण दोन इंच धरतात, पण तुमच्या नळीचा तक्ता बघा. पीटीएफई एकदा मुरगळलं की मुरगळलं. सरळ केल्यावर बाहेरची जाळी पूर्ववत दिसते, आतल्या नळीवर मात्र कायमची घडी राहते आणि पुढे ती तिथेच फाटते. अशी नळी टाकून द्यायची. नळीला पीळही पडू देऊ नका. ओढण्याआधी तिच्या लांबीवर खडूने सरळ रेघ मारली तर पीळ लगेच दिसतो.

जाळीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ती नळीचं रक्षण करते, पण शेजारच्या वस्तूला कानशीसारखी कापते. गाडीच्या थरथरीत ती वायरचं आवरण, रेडिएटरचा पाइप, अगदी अॅल्युमिनियमसुद्धा खाते. जिथे नळी कशाला टेकण्याची शक्यता आहे तिथे स्लीव्ह चढवा.

आणि जाळी वीजवाहक असते. बॅटरीच्या किंवा स्टार्टरच्या जाड धन तारेला ती घासली आणि आवरण फाटलं, तर जाळीतून चेसिसला शॉर्ट बसतो. त्या ठिणगीने जाळी आणि आतली नळी दोन्ही जळून भोक पडतं, आणि ठिणगीशेजारीच नायट्रस सुटतो. बॅटरी डिकीत असलेल्या गाड्यांत ही शक्यता फार मोठी, कारण धन तार आणि नायट्रसची नळी दोघीही मागून पुढे एकाच वाटेने जाऊ पाहतात. त्यांना गाडीच्या दोन वेगळ्या बाजू द्या.

सहावी पायरी: बॉनेटखालचा शेवटचा टप्पा

सोलेनॉइड नॉझलच्या, म्हणजे इनटेकमध्ये नायट्रस सोडणाऱ्या तोंडाच्या, जितका जवळ तितका प्रतिसाद चांगला. इनटेकच्या बाजूला, एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब ब्रॅकेटवर बसवा. तो इंजिनवर बसवला असेल तर चेसिसवरच्या शेवटच्या क्लॅम्पपासून सोलेनॉइडपर्यंत नळीला एक मोकळा, सैल बाक ठेवा. इंजिन कललं तरी नळी ताणली जाऊ नये. फॅन, बेल्ट आणि थ्रॉटलची केबल यांच्या वाटेत हा बाक येत नाही ना, हेही बघा. नळी अडकून थ्रॉटल उघडं राहणं हा वेगळाच अपघात आहे.

सोलेनॉइडवर आत यायची बाजू खुणावलेली असते. उलटा बसवला तर बाटलीचा दाबच त्याला उघडतो. फिल्टर त्याच्या आधी.

पर्ज (नळीतला वायू बटण दाबून बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) बसवणार असाल तर नायट्रस सोलेनॉइडच्या अगदी जवळ टी फिटिंग देऊन तिथून फाटा काढा, म्हणजे नळीतला तापलेला वायू शेवटपर्यंत निघून जाईल. पर्जचं तोंड बाहेर, वर, एक्झॉस्टपासून दूर. काचेखालच्या ताज्या हवेच्या जाळीसमोर मात्र नाही. तिथून वायू थेट केबिनमध्ये ओढला जातो.

सातवी पायरी: सांधे आवळणं

३७ अंशांच्या एएन सांध्यावर टेप, पेस्ट, सीलंट काहीही लावायचं नाही. तिथे धातूवर धातू बसतो, आट्यांचं काम फक्त ओढून धरण्याचं. सीलंट लागतं ते निमुळत्या एनपीटी आट्यांना, म्हणजे सोलेनॉइडमध्ये जाणाऱ्या अडॅप्टरला. तिथेही टेप वापरू नका. टेपच्या चिंध्या सुटतात आणि सोलेनॉइडमध्ये अडकतात. ऑक्सिडायझरला चालणारी पीटीएफई पेस्ट घ्या, पहिले दोन आटे कोरडे ठेवा.

ग्रीस, इंजिन ऑइल, डब्ल्यूडी-४० यांतलं काहीही नायट्रसच्या सांध्याला लागता कामा नये. दाबाखाली नायट्रस आणि तेल हे मिश्रण स्फोटक ठरू शकतं. नायट्रस नुसता वाहतानाही किती धोकादायक असतो हे २००७ साली कॅलिफोर्नियात मोहावी इथे दिसलं. रॉकेटच्या एका चाचणीत इंजिन पेटवलेलंही नव्हतं, फक्त नायट्रसचा प्रवाह तपासला जात होता. स्फोट झाला आणि तीन माणसं गेली. ती यंत्रणा गाडीतल्या किटपेक्षा कितीतरी मोठी होती, पण आतला पदार्थ तोच. हात धुऊन, स्वच्छ फडकं घेऊन हे काम करा.

नट आधी हाताने पूर्ण बसवा. हाताने सरळ चढत नसेल तर आटे तिरके धरले आहेत, काढा आणि पुन्हा लावा. मग दोन पाने घ्या, एक नटवर, एक फिटिंगच्या अंगावर, नाहीतर नळीला पीळ बसतो. पाना फिटिंग उत्पादकाने दिलेल्या टॉर्कइतकाच ओढा. अॅल्युमिनियमची शंकूबैठक जास्त आवळल्याने तडकते. सोलेनॉइडला अडॅप्टर लावताना त्याची कॉइल पकडू नका, खालचा षटकोनी भाग धरा. काम झालं की नट आणि फिटिंग यांच्यावरून पेंट मार्करने एक सलग रेघ ओढा. नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते.

आठवी पायरी: झटकून तपासणं

सोलेनॉइड जोडण्याआधी नळीतून कोरडा नायट्रोजन जोरात सोडून कचरा बाहेर काढा. कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात तेल आणि पाणी असतं.

मग सोलेनॉइड जोडा. नॉझल इनटेकमध्ये न बसवता बाहेर ठेवा. सोय असेल तर पहिली चाचणी नायट्रोजननेच करा. उच्च दाबाचा रेग्युलेटर लावून दाब टप्प्याटप्प्याने वाढवत कामाच्या दाबापर्यंत न्या. डोळ्यांना चष्मा, आणि दाब वाढत असताना नळीवर वाकू नका. हे साधन नसेल तर जिथे आहे अशा वर्कशॉपकडून करून घ्या.

प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे दिसले की दाब पूर्ण सोडा, मगच पाना लावा. दाबाखालचा सांधा आवळायला जाऊ नका. गळती शोधायला हात फिरवू नका. कुठल्याही सांध्यावर बुडबुडे येत नाहीत असं दिसलं की पुरवठा बंद करून अर्धा तास मीटर बघा. तापमान बदललं तर काटा थोडा हलतो, पण सतत उतरत असेल तर कुठेतरी वाट आहे.

बाहेर ठेवलेलं नॉझल पाण्याच्या पेल्यात बुडवा. सोलेनॉइड बंद असताना एकही बुडबुडा यायला नको. आला तर सोलेनॉइड गळतो आहे. अशी गाडी बाटली उघडी ठेवून उभी केली तर इनटेकमध्ये आणि सिलिंडरमध्ये नायट्रस साठतो, आणि स्टार्टर मारताच मॅनिफोल्ड फुटू शकतं. ही चाचणी कुणी फारशी करत नाही. कृपा करून करा.

शेवटी खरी बाटली. गाडी मोकळ्या हवेत, डिकी आणि दारं उघडी. व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडा. झटक्यात उघडला तर बंद टोकाशी वायू एकदम दाबला जाऊन तापतो. पुन्हा साबणाचं पाणी.

वापर झाल्यावर

रोज पाळायचा नियम असा: बाटली बंद केली की नळी रिकामी करायची. व्हॉल्व्ह बंद, सोलेनॉइड बंद आणि मध्ये काठोकाठ द्रव, अशी नळी उन्हात राहिली तर द्रव फुगतो. २०° वरून ३०° ला जाताना तो पंधरा टक्क्यांच्या आसपास वाढतो, आणि बंद नळीत त्याला जायला जागाच नसते. दाब बाष्पदाबाच्या कितीतरी पलीकडे जातो, आणि बाटलीवरची सेफ्टी डिस्क बंद व्हॉल्व्हच्या पलीकडे राहिल्यामुळे नळीच्या कामाची नसते. म्हणून व्हॉल्व्ह बंद करा, पर्जचं बटण दाबून मीटर शून्यावर आणा, मगच गाडी सोडा. दूरून उघडणारा व्हॉल्व्ह किंवा मध्ये हाताने बंद करायचा कॉक बसवला असेल तर द्रव कोंडण्याची आणखी एक जागा तयार होते. अशा दोन बंद टोकांमधला प्रत्येक तुकडा रिकामा व्हायला हवा.

बाटली तापवायला दाबाच्या स्विचवर चालणारा हीटरच वापरा. ज्योत कधीही नको.

प्रत्येक शर्यतीच्या दिवशी गाडी उचलली की नळीवरून नजर फिरवा: पेंटच्या रेघा, क्लॅम्पमधलं रबर, स्लीव्हवर करपल्याचा डाग, जाळीचा तुटलेला एखादा तंतू. तुटलेला तंतू बोटाला टोचतो, म्हणून फडकं घेऊन नळीवरून ओढा, अडकलं तर तिथे थांबा. जाळी जिथे तुटली, करपली किंवा चेपली आहे ती नळी दुरुस्त होत नाही, पूर्ण बदलायची. बदलताना ती तिथे का घासली किंवा तापली हे शोधून वाट दोन बोटं सरकवायची, नाहीतर नवी नळी त्याच जागी तशीच जाईल.